व्ही.पी.ने मागवावे

घरबसल्या खरेदी ही गेल्या पंधरा-वीस वर्षांतील नवलाई आहे, अशी आपल्या मुलांची प्रामाणिक समजूत आहे. भ्रमणध्वनीच्या काचेवर बोट टेकवावे आणि पुण्याचा गोडा मसाला चार-सहा दिवसांत गुवाहाटीत दारापाशी यावा, याचे त्यांना आता कौतुकही वाटेनासे झाले आहे. तथापि मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला ही विद्या त्यापूर्वी कित्येक पिढ्या अवगत होती. तिचे नाव व्ही.पी., म्हणजेच व्हॅल्यू पेएबल पोस्ट.

१८७० साली मुंबईहून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे कलकत्त्याच्या मार्गास मिळाला आणि देशाची दोन टोके जोडली गेली. माल नेण्याची सोय झाली. पण न पाहिलेल्या गिऱ्हाइकावर व्यापाऱ्याने आणि न पाहिलेल्या व्यापाऱ्यावर गिऱ्हाइकाने विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न राहिलाच. १८७७ मध्ये टपाल खात्याने त्यास आपल्या परीने उत्तर दिले. व्यापाऱ्याने वस्तूवर किंमत लिहून ती टपालात द्यावी, खात्याने ती घेणाऱ्याच्या गावी न्यावी, पैसे मोजून घ्यावेत, मगच वस्तू हाती द्यावी आणि रक्कम व्यापाऱ्याकडे पोचती करावी. १८८० पासून मनिऑर्डरीचे कामही खात्याने हाती घेतले, त्यामुळे पैशाची वाट आणखी सुकर झाली. मराठी नियतकालिकांच्या मागील पानांवर ‘व्ही.पी.ने मागवावे, टपालखर्च निराळा’ ही अक्षरे पुढे इतकी रुळली की ती वाचल्याविना अंक संपल्यासारखे वाटू नये. ग्रंथ, पंचांगे, औषधे, घड्याळे, सारे काही या वाटेने येई.

या व्यवस्थेत एक मेख होती. पैसे दिल्यावाचून पुडके उघडता येत नसे. न मागवलेल्या वस्तू गळ्यात मारण्याचाही संभव होता. म्हणूनच १८९८ च्या टपाल कायद्यात, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवीत आहे, असे पाठविणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद करण्यात आली. पण मागवलेली वस्तूच फसवी निघाली तर? माझे वडील जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून होते. मी दहा-अकरा वर्षांचा असताना माझ्या हट्टापायी त्यांनी एका जाहिरातीवरून दुर्बीण मागवली. बावीस रुपये मोजून पुडके सोडवले; आत निघाली पुठ्ठ्याची नळी आणि तिच्या टोकांना दोन काचा. वडिलांनी तीन पत्रे लिहिली, उत्तर एकाचेही आले नाही. पोस्टमास्तरांना दोष द्यायला मात्र ते तयार नव्हते. दिले तसे पुडके त्यांनी पोचवले, मग त्यांचे काय चुकले, असे ते म्हणत.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेल्या तूरडाळीत किडे निघाले. आईने मला पुडी घेऊन परत धाडले. वाण्याने एक शब्द न बोलता डाळ बदलून दिली. त्याच्या वहीत आमचे खाते होते. महिनाअखेरीस घर त्या वहीवरच चाले. टपालाने मुलूख जवळ आणला खरा, पण त्याने कधी उधारी दिली नाही आणि माल परतही घेतला नाही. अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली शेतकऱ्यांसाठी टपालाने विक्री सुरू केली आणि १८७५ पासून माल न आवडल्यास पैसे परत करण्याची हमी दिली. आपल्याकडे ही हमी सरसकट रुजायला फार काळ जावा लागला. व्यापाऱ्यांना तिची निकड भासली नसावी, असे माझे मत आहे.

मधल्या काळातील एक गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि एकाच नावाची अनेक गावे यांनी टपाल खाते त्रासून गेले होते. औरंगाबाद महाराष्ट्रातही होते आणि बिहारमध्येही. यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड आला. तो सिद्ध करणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातील वरिष्ठ पदाधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. आज कोणतीही मागणी नोंदवताना प्रथम हे सहा अंक विचारले जातात, तेव्हा मला त्यांचे स्मरण होते.

पुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. २००७ साली बंगळुरूच्या फ्लिपकार्टने पुस्तकांपासून आरंभ केला. लोकांजवळ पतपत्रे थोडी आणि भरवसा त्याहून थोडा, म्हणून २०१० मध्ये माल हाती आल्यावर पैसे देण्याची सवलत आली. म्हणजे व्ही.पी.च की! फरक एवढाच की आता नापसंत वस्तू नेण्यास माणूस घरी येतो आणि उधारीही मिळते. वाण्याची दोन्ही शस्त्रे त्याच्या हातून गेली, हे मान्य केलेच पाहिजे.

आपल्या मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी कितीतरी जण एकमेकांना प्रथम भेटले ते फॅन्सी बाजारातील एका मारवाडी किराणा दुकानात, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. मराठी बोलणे कानी पडले की दुकानदार स्वतःच ओळख करून देई. जाडे पोहे, मेतकूट, दिवाळीत उटणे, हे तो केवळ आपल्यासाठी मागवीत असे. दिवाळी अंकांचे गठ्ठेही बरीच वर्षे त्याच्याच पत्त्यावर येत आणि रविवारी तेथेच वाटले जात. आता अंक ज्याचा त्याच्या घरी येतो.

गेल्या श्रावणात मी त्या दुकानी गेलो होतो. गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो. त्याने आपुलकीने विचारले, साहेब, हल्ली गुवाहाटीत मराठी माणसे उरली नाहीत का? मंडळाची सभासदसंख्या गेल्या दहा वर्षांत वाढली आहे, हे मी त्याला सांगितले नाही. त्याच्याकडे जाडे पोहे नव्हते. पुढच्या खेपेस मागवून ठेवतो म्हणाला, आणि माझे नाव वहीत लिहून घेतले.