ओगलेवाडीची काच व प्रभाकर कंदील

महाराष्ट्रातील स्वदेशी काचकारखान्यांची उत्पादने व त्यांचा संग्रह. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ जो कारखाना काढला, त्यामुळेच त्या जागेस ओगलेवाडी हे नाव पडले. त्याच वर्षी स्वीडनमधील ऑरेफोर्स कारखान्याने सायमन गेट या चित्रकारास नोकरीत घेतले व पुढल्या वर्षी एडवर्ड हाल्ड यास. या प्रथेतूनच शतकाच्या मध्यास तेथील जगन्मान्य कलाकाच घडली, जिच्या बुडाशी कोरलेली सही व क्रमांक हाच संग्राहकाचा दाखला होय. आपल्याकडे काचेस कलावंत लाभला नाही, परंतु गरज लाभली. आणि ती गरज तितकीच आदरणीय आहे.

पित्याच्या नावाने ओगल्यांनी काढलेला प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. जळगाव-धुळ्याकडे कपाशीची राखण व पहाटेची मोट ज्या उजेडात चाले, तो कंदिलाचाच. टाकी व सांगाडा टिकतो, काच मात्र फुटून वारंवार बदलली जाते. म्हणून मूळ काचेसह नग दुर्मिळ. टाकीवरील उठावाचे नाव प्रथम पाहावे आणि नव्याने रंगविलेला नग शक्यतो टाळावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुन्या दप्तरांना जी निगा दिली, तिचा हक्क या गृहोपयोगी वस्तूंनाही आहे. तूर्त त्या बहुधा माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडेच सापडतात.