उलट्या आकड्यांतून जन्मलेला शब्द

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजण्याचं काम चाललं होतं. डोस चुकणं, वेळ चुकणं, एकाचं औषध दुसऱ्याला जाणं, अशा चुकांचा माग काढायला प्रशिक्षित परिचारिका वॉर्डावॉर्डांत फिरत, केसपेपर चाळत, कर्मचाऱ्यांना विचारत. या मोठ्या पाहणीतला एक लहानसा भाग हार्वर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एमी एडमंडसन यांच्याकडे आला. ज्या वॉर्डातली माणसं एकमेकांना धरून काम करतात तिथे चुका कमी होतात का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी आठ वॉर्डांत प्रश्नावली भरून घेतली. ती त्यांचे मार्गदर्शक रिचर्ड हॅकमन यांच्या प्रश्नावलीवरून बेतलेली होती. हॅकमन यांनी विमानाच्या कॉकपिटमधल्या चमूंचाही अभ्यास केला होता. उत्तर काय येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, पण आकडे नेमके उलटे आले. जुळलेल्या, कामात चोख मानल्या गेलेल्या वॉर्डांच्या नावावर चुका जास्त होत्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी चुकांच्या वॉर्डांत तर सुमारे दहापट फरक होता.

आज कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. मराठीत तो ‘मानसिक सुरक्षितता’ होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी कुणाचं मन दुखवू नये, कामाच्या जागी सगळ्यांना बरं वाटावं, एवढाच त्याचा अर्थ असणार. या शब्दाचं कूळ पाहिलं तर हा अर्थ टिकत नाही. आज तो ज्या अर्थानं रुजला आहे तो अर्थ रुग्णालयाच्या औषधाच्या ट्रॉलीपाशी घडला. चूक झाल्याची बातमी वरपर्यंत पोचते की वाटेतच दाबली जाते, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. तो प्रश्न बाजूला ठेवला की शब्दात गोडवा तेवढा उरतो.

एडमंडसन यांना सुचलेला खुलासा साधा होता. झालेल्या चुका आणि कळलेल्या चुका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत फक्त दुसऱ्या उतरतात. कदाचित चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत नसतील, त्या बोलल्या जास्त जात असतील. हे पडताळायला एक सहायक संशोधक वॉर्डांत जाऊन बसला. कोणत्या वॉर्डाचे आकडे काय आहेत आणि शंका कशाची आहे, हे त्याला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. त्याला जे दिसलं ते फार बोलकं होतं. सर्वांत जास्त चुका नोंदवणाऱ्या वॉर्डाची प्रमुख परिचारिका इतर सिस्टरांसारखेच कामाचे कपडे घालून त्यांच्यात वावरत होती. औषधांच्या कामात थोड्याफार चुका होणारच, म्हणून त्या सांगणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, असं तिचं म्हणणं होतं. सर्वांत कमी चुका नोंदवणाऱ्या वॉर्डाची प्रमुख मात्र कडक सूटमध्ये असे, आणि चूक झालेल्या सिस्टरला दार बंद करून आत घेई. तिथल्या परिचारिकांना चूक सांगणं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं वाटत होतं. सहायकानं मोकळेपणानुसार वॉर्डांचा क्रम लावला, आणि तो नोंदलेल्या चुकांच्या क्रमाशी जवळजवळ जुळला. स्वच्छ वही स्वच्छ कामाची खूण नव्हती, तर कित्येकदा बंद दाराची होती. १९९६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

शब्द त्याआधीचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५४ मध्ये सर्जनशीलतेची अट म्हणून तो वापरला. १९६५ मध्ये एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी माणूस बदलायला धजावतो कधी, या संदर्भात तो घेतला. १९९० मध्ये विल्यम कान यांनी माणूस कामात जीव कधी ओततो हे सांगताना त्याला जागा दिली. या तिन्ही लिखाणांत तो एकेकट्या माणसाच्या मनाजवळचा शब्द आहे. एडमंडसन यांनी १९९९ च्या निबंधात तो चमूला जोडला: इथे बोलण्याची जोखीम घेतली तर आपली नाचक्की होणार नाही, शिक्षा होणार नाही, असा साऱ्या चमूचा सामायिक विश्वास. म्हणून एकाच रुग्णालयातल्या, एकाच नियमांखालच्या, शेजारशेजारच्या दोन वॉर्डांत तो वेगवेगळा असू शकतो. माझ्या मते खरा शोध हाच आहे.

आणि या कल्पनेचा एक पूर्वज बोस्टनमध्येच होऊन गेला होता. अर्नेस्ट ॲमोरी कॉडमन हा शल्यचिकित्सक विसाव्या शतकाच्या आरंभी सांगत होता की शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचा पुढे निदान वर्षभर माग ठेवा, तो बरा झाला नसेल तर का नाही ते शोधा, आणि ते जाहीर करा. ही मागणी कुणाला मानवली नाही. १९१४ मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय सोडलं. स्वतःच्या छोट्या रुग्णालयाचा हिशेब मात्र त्यानं छापला: १९११ ते १९१६ मध्ये ३३७ रुग्ण, १२३ चुका. १९४० मध्ये तो गेला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड २०१४ साली बसला. कॉडमनकडे धैर्य पुरेपूर होतं, आणि तरी त्याचं काम रुजलं नाही. एकट्याच्या धैर्यावर रुग्णांची सुरक्षितता बेतता येत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

या कल्पनेवरचा पहिला आक्षेप पुराव्याचाच आहे. आठ वॉर्डांवरून सिद्धान्त कसा उभा करायचा? नाहीच करता येत, आणि म्हणूनच १९९९ चा निबंध ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या ५१ चमूंवर बेतलेला होता. तिथेही जिथे बोलण्याची भीती कमी, तिथे चुकांतून शिकणं जास्त, असा संबंध दिसला. मग २००६ मध्ये इंग्रिड नेमहार्ड यांच्यासोबत एडमंडसन पुन्हा रुग्णालयात आल्या. नवजात बालकांच्या २३ अतिदक्षता विभागांत त्यांना आढळलं की डॉक्टरांना जितकं निर्धास्त वाटतं तितकं परिचारिकांना वाटत नाही, पण प्रमुख डॉक्टर आपणहून इतरांचं मत विचारत असेल तर हे अंतर कमी होतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. रुग्णालय ही काही चर्चेची जागा नाही. रक्त वाहत असताना एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं, असंच चालतं. हे खरंच आहे. पण निर्णय कुणी घ्यायचा आणि माहिती कुणी द्यायची, हे दोन निराळे प्रश्न आहेत. इंग्लंडमध्ये मार्च २००५ मध्ये इलेन ब्रोमिली ही तरुण आई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचे प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेनं गळ्याला छेद देऊन श्वास देण्याचा संच आणून तो तयार असल्याचं सांगितलं, दुसरीनं अतिदक्षता विभागात खाट मागितली. दोघींना धोका कळला होता, पण त्यांचं कळणं निर्णयापर्यंत पोचलं नाही. तेरा दिवसांनी इलेन गेली. तिचे पती मार्टिन विमानचालक होते. हॅकमन यांनी ज्या कॉकपिटचा अभ्यास केला होता त्याच जगातले ते. पुढे त्यांनी ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर काम करणारी संस्था उभारली. इलेनला भूल दिलेल्या खोलीत अधिकाराची उतरंड पुरेशी होती. खालून वर जाणारा रस्ता तेवढा नव्हता.

शिस्त सैल पडेल, ही भीती त्याहून सोपी आहे. चूक सांगणाऱ्याला अभय देणं आणि बेपर्वाईकडे डोळेझाक करणं, यांतला फरक कुठल्याही अनुभवी इन्चार्ज सिस्टरला कळतो. शिवाय जी चूक कुणाला कळलीच नाही तिच्याबद्दल जबाबदार तरी कुणाला धरणार?

मात्र मोकळेपणा कागदावर छापून आणता येतो, या भ्रमाला मी या आक्षेपांहून जास्त घाबरतो. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. ती तयार करण्याच्या कामाचं नेतृत्व अतुल गावंडे यांनी केलं. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, ही त्या यादीतली एक पायरी. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडली तर पुन्हा उघडतो, असा त्यामागचा विचार. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. पण २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चेकलिस्ट सक्तीची करूनही मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. यादी तीच होती. एका ठिकाणी ती शिकवून, संघ जमवून आणली गेली. दुसऱ्या ठिकाणी ती हुकुमानं आली. या फरकाची इतर कारणंही सांगितली जातात, पण नाव न विचारताच खूण केलेला रकाना कुणालाही बोलतं करत नाही, हे समजायला अभ्यास लागत नाही.

मराठीत याला ‘अभय’ हा शब्द जवळचा वाटतो. पण मराठेशाहीतला कौलनामा किंवा अभयपत्र वरून खाली दिलं जाई, आणि दिलेलं परतही घेता येई. वॉर्डातलं अभय रोज, प्रत्येक राउंडला, प्रत्येक शिफ्टच्या हँडओव्हरला नव्यानं सिद्ध करावं लागतं. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट ‘सर, डोस जास्त वाटतोय’ म्हणतो तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते बाकी सगळे पाहत असतात. ते पुढची कित्येक वर्षं लक्षात ठेवतात.

आपल्याकडे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचची मान्यता हवी असेल तर रुग्णालयाला घटना नोंदवण्याची पद्धत ठेवावी लागते. जे कुणी अशी वही तपासतात त्यांना एकच विनंती आहे. या महिन्यात दोनाच्या जागी नऊ नोंदी दिसल्या, तर ‘कुणाकडून झालं’ हे विचारण्याआधी त्या लिहिणाऱ्या सिस्टरचे आभार माना, आणि ते सगळ्यांसमोर माना.