निझाम सर्किटमधला प्रेक्षक

हैदराबाद संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्यकारभारातून निझामाचा नकाशा पुसला गेला. सिनेमाच्या धंद्यात मात्र तो टिकला. हिंदी चित्रपटांचे हक्क ज्या विभागांनुसार विकले जातात, त्यांना 'सर्किट' म्हणतात. पुणे-मुंबई एका सर्किटमध्ये, विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये आणि आमचा मराठवाडा तेलंगण, बिदर, गुलबर्ग्याच्या जोडीने 'निझाम'मध्ये! औरंगाबादेत, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, हिंदी सिनेमाचे तिकीट काढणारा माणूस मतदार महाराष्ट्राचा, पण प्रेक्षक निझाम सर्किटचा.

सादिया, अंजली, अभिनय, अंबा-अप्सरा ही नावे या शहरात पत्त्याच्या खुणांसारखी वापरली गेली. अंधार झाला की शेजारच्या खुर्चीवर कोणत्या मोहल्ल्यातला माणूस बसला आहे, हे कोणी विचारत नसे. 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे महबूब' (1963), 'पाकीझा' (1972) या चित्रपटांतले मुसलमान आम्ही हौसेने पाहिले. पण ते लखनौ-अलिगढचे होते. हवेल्या, शेरवान्या, शेरोशायरी. आमच्या गल्लीतला विणकर, हमाल, भाजीवाला त्यांत कुठे होता?

आमची घरची बोली दखनी. ती पडद्यावर आली तेव्हा हसवण्यासाठी आली. 'गुमनाम'मध्ये (1965) मेहमूदने बटलरच्या भूमिकेत हैदराबादी ढंगाची भाषा वापरली आणि देशभर लोक हसले. आम्हीही हसलो, पण घरी आई जे बोलते त्यालाच लोक हसतात, हे कुठेतरी टोचलेही. पुढे श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (1974) शबाना आझमींची लक्ष्मी त्याच बोलीत रडली, संतापली, जमीनदाराच्या पोराला शिव्याशाप देऊन गेली. ही लक्ष्मी मुसलमान नव्हे, तेलंगणातली दलित बाई. दखनी ही एका धर्माची नव्हे, एका मुलखाची भाषा आहे, हे त्या चित्रपटाने भाषणाविना सांगितले.

आणि मराठी पडदा? प्रभातच्या 'शेजारी'त (1941) गजानन जागीरदारांनी मिर्झा उभा केला, तो गावातला, मराठी बोलणारा, दोस्तीसाठी जीव देणारा. त्याच चित्रपटाच्या 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू मित्राची भूमिका मझहर खान यांनी केली. फाळणीच्या मागणीचा जोर वाढत असताना शांतारामबापूंनी हे धाडस केले होते. त्यानंतर मराठी चित्रपटात मुसलमान आला तो बहुधा दुय्यम होऊन. राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' 2017 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मराठी मुसलमानाचे घर आतून दिसले. पण दोन चित्रपटांमध्ये पाऊणशे वर्षे जावीत, यात दोष फक्त निर्मात्यांचा नाही. कथा आमच्याकडे होत्या, त्या आम्ही किती लिहिल्या?

2010 मध्ये प्रोझोन मॉल उघडला आणि सिनेमा चौकातून मॉलमध्ये गेला. तिकीट महागले, हमाल-रिक्षावाल्याचा शुक्रवार गेला. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जगभरचे सिनेमे इथे येतात, ही आनंदाची गोष्ट. त्या पडद्यावर इराणमधले घर आम्हाला दिसते. किराडपुऱ्यातले घर, दारात मराठी आणि चुलीपाशी दखनी बोलणारे, अजून दिसायचे आहे. ते दुसरा कोणी येऊन लिहील याची वाट किती दिवस पाहायची?