देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तह (१८०३)

दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी एलिचपूरनजीकच्या देवगाव येथे आणि दौलतराव शिंदे यांनी ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे जनरल आर्थर वेलस्ली याच्याशी केलेले दोन तह. दोन्ही गावे हल्लीच्या अमरावती जिल्ह्यात मोडतात.

वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज पत्करली, हे शिंदे-भोसल्यांना मानवण्यासारखे नव्हते; त्यातून १८०३ च्या ऑगस्टात उद्भवलेल्या युद्धात दक्षिणेत अहमदनगर, असई व अडगाव, उत्तरेत अलीगड, दिल्ली, आग्रा व लासवाडी असे प्रसंग चार महिन्यांत ओळीने ओढवले, आणि होळकर त्या मोसमात तटस्थच राहिले. १५ डिसेंबरास गाविलगड पडल्यावर भोसल्यांच्या वकिलापाशी घासाघीस करण्याजोगे फारसे काही उरले नव्हते.

देवगावच्या तहान्वये बालासोरसह कटक प्रांत कंपनीकडे गेला व बंगाल आणि मद्रास या इलाख्यांमधील किनारपट्टी तिला सलग मिळाली. परंतु तहाचे खरे मर्म वऱ्हाडच्या कलमात आहे. तेथे आजवर निजाम व भोसले या दोघांचाही अमल एकाच मुलखावर, बहुधा एकाच गावावर चाले आणि महसुलाची वाटणी होई. राज्याची हद्द ही जमिनीवरील रेघ नसून जमाखर्चाच्या वहीतील हिस्सा होता. तहाने वर्धा नदी ही सरहद्द ठरविली, पश्चिमेकडील मुलूख निजामाच्या पदरात टाकला, आणि ती दुअमली एका कलमासरशी मोडली. नरनाळा व गाविलगड हे किल्ले मात्र, लगतच्या चार लाखांच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवण्यात आले. म्हणजे रेघ आखणाऱ्यांनीच ती पहिल्या दिवशी ओलांडली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, जयपूर, जोधपूर व गोहद यांच्या उत्तरेकडील मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश सोडला, बादशहा शहाआलम याच्यावरील हक्कही सोडला. अशीरगड, बऱ्हाणपूर, पावागड व दोहद त्यांना परत मिळाले. घराण्याची जांबगावादी जुनी इनामगावे त्यांच्याकडे राहिली, पण वसुलीच्या निमित्ताने तेथे फौज आणावयाची नाही, अशा अटीवर. दिल्लीच्या बादशाहीची मुखत्यारी एका कलमाने सोडणाऱ्या सरदाराने दक्षिणेतील चार गावांची इनामे कलमवार लिहून घ्यावीत, यात उपहासास्पद काही नाही. मराठी राज्यात वतन हे राज्याहूनही जुने होते.

ग्वाल्हेर व गोहद यांविषयीचे शब्द संदिग्ध राहिले. कंपनीने शिंद्यांच्या मांडलिकांशी केलेले करार कायम राहावेत, या कलमाचा आधार घेऊन गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याने ही दोन्ही स्थळे शिंद्यांच्या हातून गेली असा अर्थ लावला. तह स्वतः करणाऱ्या त्याच्या धाकट्या भावास तो पटला नाही. लॉर्ड वेलस्ली परत गेल्यावर, २२ नोव्हेंबर १८०५ च्या तहाने दोन्ही स्थळे शिंद्यांना परत मिळून चंबळा नदी सरहद्द ठरली, आणि गोहद गमावलेल्या तेथील राण्यास धोलपूर, बारी व राजाखेडा देऊन धोलपूरचे नवे संस्थान उभे करण्यात आले.