न पुसल्या जाणाऱ्या फोल्डरची कुळकथा

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडावी, वर्षानुवर्षं पडून असलेलं बॅकअपचं फोल्डर निवडून डिलीट दाबावं आणि विंडोजनं ‘परवानगी नाही’ म्हणून हात झटकावेत. डिस्क आपली, फायली आपल्या. मग परवानगी कोणाची? सिक्युरिटीचं पान उघडलं तर मालकाच्या रकान्यात नावच नसतं. ‘एस-१-५-२१’पासून सुरू होणारा लांबलचक आकडा तेवढा असतो.

हा बिघाड नव्हे. हा हट्ट मागवून घेतलेला आहे, आणि मागवणाऱ्यांत अमेरिकेचं संरक्षण खातं होतं.

एकच यंत्र अनेकांनी वापरायला १९६०च्या दशकात सुरुवात झाली आणि फायलींना राखण लागली. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं कोणी काय करावं याची यादीच फायलीला जोडली. तिच्यामागून आलेल्या युनिक्सनं ती यादी छाटून मालक, गट आणि बाकीचे एवढ्यावर आणली. युनिक्समध्ये फाइल पुसायला त्या फायलीवर हक्क असावा लागत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे, तिच्यात लिहिण्याचा हक्क लागतो. पुसणं म्हणजे डिरेक्टरीतलं नाव खोडणं, एवढंच.

१९८३ साली संरक्षण खात्यानं सुरक्षित संगणकाचे निकष छापले. मुखपृष्ठामुळे त्याला ‘ऑरेंज बुक’ म्हणतात. त्यातल्या ‘सी-२’ पायरीला कोणी काय केलं याची व्यक्तिवार नोंद आणि फायलींवर नेमक्या माणसापुरते हक्क हवे होते. डेव्ह कटलर १९८८ मध्ये डेक कंपनी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आला आणि त्याच्या चमूनं १९९३ साली विंडोज एनटी बाजारात आणली, ती हे निकष समोर ठेवून. १९९५ मध्ये एनटी ३.५ला सी-२ मिळालंही. यातली एक युक्ती मला फार आवडते. परक्याच्या बंद फोल्डरची मालकी ॲडमिनिस्ट्रेटर स्वतःकडे घेऊ शकत होता, पण तिथल्या पडद्यावर ती परत देण्याची सोय नव्हती. म्हणजे साहेबानं डोकावलं, तर डोकावल्याचा पुरावा मागे राहायचा.

हे सगळं कचेऱ्यांसाठी होतं. घरोघरीच्या विंडोज ९८मध्ये फायलींना मालकच नव्हता. कोणीही काहीही पुसावं. २००१च्या एक्सपीनं कचेरीचा कायदा घरात आणला. गंमत म्हणजे तिच्या होम आवृत्तीत सिक्युरिटीचं पान एरवी दिसतच नसे, सेफ मोडमध्ये जावं लागे. कुलूप लावलं आणि किल्लीची खुंटी लपवली!

आता तो आकडा. विंडोज बसवताना प्रत्येक यंत्र स्वतःसाठी एक क्रमांक तयार करतं आणि त्यापुढे वापरकर्त्याचा क्रमांक जोडतं. हक्क नोंदले जातात ते या आकड्याच्या नावे. नव्या यंत्रावर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी आकडा वेगळा, म्हणून माणूसही वेगळा. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव राहावं आणि नातवाला तलाठ्यानं परत पाठवावं, तशी गत. त्यात बॅकअपची बरीच साधनं फायलींबरोबर जुने हक्कही इमानानं उचलतात.

२००७च्या व्हिस्टानं आणखी एक मालक आणला: ट्रस्टेडइन्स्टॉलर. विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फायली त्याच्या नावे असतात, त्यामुळे जुन्या डिस्कवरचं विंडोजचं फोल्डर ॲडमिनिस्ट्रेटरलाही दाद देत नाही.

फेरफार करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. ‘टेकओन’नं मालकी घ्यावी, ‘आयकॅकल्स’नं स्वतःला पूर्ण हक्क द्यावा, मग पुसावं. अपग्रेडनंतर उरणाऱ्या ‘विंडोज.ओल्ड’साठी एवढा खटाटोप नको. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून ते काढता येतं, आणि विंडोज १० साधारण १० दिवसांनी ते आपणहून काढते. ‘टेकओन’ आणि ‘आयकॅकल्स’ या दोन आज्ञा मात्र त्या एका फोल्डरपुरत्याच चालवा. चालू सी ड्राइव्हवर सरसकट चालवल्या, तर विंडोज नव्यानं बसवण्याची पाळी येऊ शकते.