देवदरबारातील दारूकाम : एक ऐतिहासिक विचार

जत्रेच्या रात्री पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून प्रांगणात आली, की आकाशात हवया चढू लागतात, भुईनळ्यांची झाडे फुलतात आणि लहानथोर माना उंचावून उभे राहतात. हे दृश्य आमच्या समाजाच्या इतके अंगवळणी पडले आहे, की दारूकामावाचून उत्सव अपुरा वाटावा. ही प्रथा किती जुनी, ती आली कोठून आणि तिच्यातील जपण्याजोगे ते काय, याचा विचार मात्र सहसा होत नाही. तो येथे थोडक्यात करण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम एक समजूत दूर सारली पाहिजे. रामायण-महाभारतांतील अग्न्यस्त्र आणि शतघ्नी यांच्या आधारे, दारू आपल्याकडे पुराणकाळापासून होतीच, असे आवेशाने सांगितले जाते. महाकाव्यांची थोरवी अशा पुराव्यावर मुळीच अवलंबून नाही. दारूस सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण लागते. सोरा जळणास प्राणवायू पुरवितो, कोळसा हे जळण, आणि गंधकामुळे ते लवकर पेट घेते. अशा मिश्रणांच्या जुन्या लेखी कृती चीनमधील १०४४ च्या सुमाराच्या एका युद्धग्रंथात आढळतात. आपल्या देशातील शोभेच्या दारूचा इतिहास साधनांवरून जुळविण्याचे मोलाचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा आरंभ होतो तो इ. स. १४०० पासून.

या इतिहासातील एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे इराणच्या शाहरुखाचा वकील अब्दुर रझाक. १४४३ मध्ये दुसऱ्या देवरायाच्या कारकीर्दीत त्याने विजयनगरचा महानवमीचा उत्सव पाहिला आणि तेथील दारूकामाचे नानाविध प्रकार वर्णन करू गेल्यास फार विस्तार होईल, असे लिहून ठेवले. गोमंतक त्या वेळी विजयनगरच्याच सत्तेखाली होता, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. पुढे १५०२ ते १५०८ या काळात प्रवास करणारा इटालियन वार्थेमा विजयनगरच्या हत्तींविषयी लिहिताना सांगतो, की हे लोक दारूकामात मोठे निष्णात आहेत आणि हत्तीला अग्नीचे भारी भय वाटते. १५१८ च्या सुमारास पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने गुजरातेतील विवाहसमारंभात बाण आणि बार उडत असल्याची नोंद केली आहे. म्हणजे राजाच्या उत्सवात जे दिसत होते, ते गृहस्थाच्या मांडवापर्यंतही पोहोचले होते. काशी येथे १५७१ मध्ये पूर्ण झालेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त नाथमहाराजांनी श्रीकृष्णाच्या विवाहसोहळ्यात दारूकाम रंगविले, ते अर्थात आपल्या काळचे पाहून.

परंतु या कलेचे अंतरंग उलगडते ते एका संस्कृत ग्रंथात. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव १४९७ मध्ये गादीवर आला. त्याच्या नावावर असलेल्या 'कौतुकचिंतामणी'त दारूकामाच्या कृती दिल्या आहेत. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती, छुछुंदरीरसबाण ही त्यांतील काही नावे. चंद्रज्योती आणि चिचुंदरी ही नावे तर मराठीतही रुळली. सामग्रीत सोरा, गंधक, कोळसा यांबरोबर लोखंडाचा व पोलादाचा चुरा, जंगाल, हरताळ, हिंगूळ, वेळूच्या नळ्या, इतकेच काय भाताची पेज आणि गोमूत्रही आहे. लोखंडाचा चुरा जळताना सोनेरी ठिणग्या देतो, पोलादाच्या ठिणग्यांना फाटे फुटतात. हे निरीक्षण असल्यावाचून अशी कृती सुचत नाही. आणि ही नावे पुन्हा वाचून पाहावीत. वृक्ष, चवरी, चंद्र, फूल! बार त्या काळीही उडत होते, हे बार्बोसा सांगतोच. पण वर दिलेल्या नावांत आवाजावरून पडलेले एकही नाही. कारागिराचा अभिमान होता तो रूपाचा.

हीच दृष्टी पेशवाईतही दिसते. महादजी शिंदे १७९२ ते १७९४ पुण्यात होते. त्यांनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविल्याची हकीकत पेशव्यांच्या बखरीत आहे. तेथे शहराबाहेर दारूची लंका रचीत. रावण, राक्षस, वानर सारे दारूचे. मारुतीच्या शेपटीस अग्नी दिला, की तो उड्डाण करून लंकेची घरे पेटवीत जाई. श्रीमंतांस ते पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभी राहिली. येथे दारूने केवळ दिपविले नाही, कथा सांगितली.

पुढे कलेचे रूप पालटले. १७८० नंतरच्या दशकात फ्रेंच रसायनज्ञ बर्थोले याने पोटॅशियम क्लोरेट तयार केले. त्यापूर्वीच्या दारूत मुख्यतः पिवळा-तांबूस आणि पांढरा उजेड मिळे. एकोणिसाव्या शतकात स्ट्राँशियमचा गडद तांबडा आणि बेरियमचा हिरवा रंग आला. मात्र क्लोरेट आणि गंधक एकत्र आले, की थोड्याशा घर्षणानेही स्फोट होतो. असे मिश्रण असलेल्या शोभेच्या दारूवर भारत सरकारला १९९२ मध्ये बंदी घालावी लागली. रंगांबरोबर धोका वाढला आणि जागोजाग दणक्याची चढाओढही वाढली.

त्या चढाओढीचे फळ १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळातील परवूर येथील पुट्टिंगल देवळात दिसले. स्पर्धेच्या दारूकामास परवानगी नाकारली असताना ते झाले, साठविलेल्या दारूने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. उत्सव देवाचा, आणि बळी भक्तांचा!

'परंपरा' हा शब्द अशा वेळी ढालीसारखा पुढे केला जातो. म्हणूनच इतिहास नीट वाचणे अगत्याचे. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावर ज्या ज्योती लागतात, त्या ज्योतीचे देवाशी नाते दारूहून कितीतरी जुने आहे. दारू ही मागाहून आलेली पाहुणी होय. तिने आनंद दिला, कारागिरांना अन्न दिले. तिला हाकलून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. पण पाहुणीने यजमानाचे घर जाळू नये. देवस्थानांच्या समित्यांनी बारांची संख्या मोजण्याऐवजी एखादी चंद्रज्योती, एखादा कल्पवृक्ष जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून, गर्दीपासून दूर, साठा वेगळा ठेवून लावून घ्यावा. परंपरा मोडली, असे त्याने होणार नाही. कौतुकचिंतामणीकाराला तीच ओळखीची वाटेल.