हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण : कायदा आणि भांडवल

दुसऱ्या महायुद्धानंतर डकोटा विमाने स्वस्तात उपलब्ध झाली आणि १९४६ पासून परवानेही सढळपणे दिले गेले. परिणामी प्रवासी थोडे व कंपन्या फार, अशी स्थिती उद्भवली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्ये या अवस्थेची चिकित्सा करून कंपन्यांची संख्या घटविण्याचा विचार मांडला. परंतु स्वेच्छेचे एकीकरण घडून आले नाही.

याआधी, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलमध्ये सरकारचे ४९ टक्के भाग होते व आणखी २ टक्के घेण्याची मुभा होती. म्हणजे करारानेच नियंत्रण मिळविण्याचा मार्ग खुला होता. १९५३ च्या हवाई निगम अधिनियमाने मात्र कायद्याचा मार्ग पत्करला. १ ऑगस्ट १९५३ रोजी सर्व उद्योग दोन निगमांकडे गेले. भरपाई मुख्यत्वे रोख्यांच्या रूपाने देण्याचे ठरले.

१९९४ मध्ये हा अधिनियम रद्द झाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली. १८,००० कोटी रुपयांच्या बोलीत रोख रक्कम केवळ २,७०० कोटी होती. उरलेले १५,३०० कोटी हे पत्करलेले कर्ज होय. सुमारे ४६,००० कोटींचे कर्ज सरकारी कंपनीकडेच राहिले.

तात्पर्य, मालकी कोणाची हा प्रश्न दोन्ही वेळी गाजला. तोट्याचा भार कोणी वाहावा, हा त्याहून मूलगामी प्रश्न मात्र दोन्ही वेळी सरकारी तिजोरीच्या दारीच येऊन थांबला.